शिराज सोडून कुठेही

मेहरंगीज गाडी शिकवायला बसली की काचा बंद असल्या तरी तिचा आवाज चौकापर्यंत जायचा. "क्लच! अगं बाई, क्लच म्हणाले मी, हॉर्न नाही!" अहवाजमधल्या निम्म्या बायका तिच्या ओरडण्यावर गाडी शिकल्या. उरलेल्या निम्म्या पहिल्याच दिवशी पळाल्या आणि माझ्याकडे आल्या. आम्ही दोघी एकाच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये होतो. मी तिच्याहून वयाने थोडी मोठी, आवाजाने बरीच लहान. पण तिच्या हाताखालून गेलेली बाई कुठल्याही ट्रकपुढे घाबरत नसे, हे मात्र खरं.

तिचा नवरा इस्फंदियार पाइपांच्या कारखान्यात वेल्डिंगचा उस्ताद. उंचापुरा, डोंगरातल्या बख्तियारी जमातीचा, बोलायला अगदी सावकाश. या माणसाच्या तोंडून मी कधी 'नाही' ऐकलं नाही. तो 'पण' म्हणायचा. मेहरंगीज म्हणायची, "नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं ग फखरी. या 'पण'चं काय करू?"

त्यांना एकच मुलगी, शकीबा. त्या वर्षी ती दहाची होती. छाती तिची लहानपणापासून नाजूक, आणि आमच्या शहराची हवा तर तुम्हाला सांगायला नको. हिवाळा सरता सरता पश्चिमेकडून माती यायला लागायची, आणि आमच्या आटलेल्या पाणथळींचीही धूळ तिला येऊन मिळायची. भर दुपारी आम्ही दिवे लावून गाडी शिकवायचो. शिकणारीला पुढचा खांब दिसायचा नाही, आणि आमचा पाय सारखा आमच्या बाजूच्या ब्रेकवर. असं सुरू झालं की शकीबाच्या छातीतून शिट्टी वाजायला लागायची. दवाखान्यातल्या नर्सला ती नावाने माहीत होती.

एकदा तिथल्या डॉक्टरांनी मेहरंगीजला बाजूला घेतलं. म्हणाले, "औषधं मी लिहून देतो, पण खरं औषध माझ्याकडे नाही. हिला इथून हलवा."

"कुठे हलवू?"

"जिथे हवा चांगली आहे तिथे."

हे मला सांगताना ती अजून धुमसत होती. "जिथे हवा चांगली आहे तिथे! मग पत्ता दे ना बाबा! गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची ते सांगतोस, आणि शहर मी शोधू?"

तर असं ते शहर शोधणं सुरू झालं. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं, महिन्याभरात निघतील. आमच्या स्कूलच्या अंगणात चहाच्या वेळी जो तो आपापलं शहर विकायला बसायचा. कुणाची बहीण तब्रिजला, कुणाचा दीर यज्दला. आमच्या कचेरीतला म्हातारा कारकून एकदा म्हणाला, "एवढा काथ्याकूट कशाला? शिराजला जा की सरळ. हवा चांगली, एका दिवसाचा रस्ता, माणसं गोड."

"शिराज नाही," मेहरंगीज म्हणाली.

"का बरं?"

"आळशी माणसं. दिवे हिरवे होऊन परत लाल होतात तरी गाडी हलत नाही त्यांची. मी वेडी होईन. शिराज सोडून कुठेही."

आम्ही हसलो. शिराजकरांच्या आळशीपणावर सगळा देशच हसतो. मलाही तेवढंच खरं वाटलं.

पहिल्यांदा ते इस्फहानला जाऊन आले. तिथे मेहरंगीजची मावशी, अकदस खाला होती, इराकशी युद्ध लागलं तेव्हा तिकडे गेलेली ती तिथेच राहिलेली. खालाने स्वयंपाकाचा घाट घातला, गादी-उशा काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर बातमी आली की हवा बिघडल्यामुळे शहरातल्या सगळ्या शाळा बंद. शकीबा नाश्त्याचं पनीर हातात धरून आईकडे बघत बसली.

"हे वर्षातून दोन-चारदा होतं," खाला म्हणाली. "तुमच्यासारखी माती थोडीच खातो आम्ही!"

"तुम्ही धूर खाता, खाला."

"धूर तरी शहरातला आहे, मेहरंगीज जान. वाळवंटातला नाही."

दुपारी ते नदीवर गेले. नदी कोरडी. पुलाखाली पोरं चेंडू खेळत होती, आणि फिरायला नेणाऱ्या हंसाच्या आकाराच्या होड्या वाळूवर पोट टेकून बसल्या होत्या. इस्फंदियारने पुलावरून वाकून खाली पाहिलं. मग म्हणाला, "शहर सुंदर आहे. पण पाणी?"

मेहरंगीजने तिथल्या दोन ड्रायव्हिंग स्कूलमध्येही विचारलं होतं. एकीकडे सांगितलं, आमच्याकडे आमच्याच बायका पुष्कळ आहेत. दुसरीकडे मॅनेजरने तिला दोन वाक्यं बोलू दिली आणि हसत म्हणाला, "खानूम, दक्षिणेच्या दिसता. आमच्या बायकांना हळू आवाजाची सवय आहे." ती मला सांगत होती, "मी त्याला म्हणाले, ट्रक समोरून आला की हळू आवाजात मरतील." नोकरी तिथेच संपली.

मग उन्हाळ्यात रश्त. मेहरंगीजची एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन तिकडे गेली होती, तिने बोलावलं. हे मात्र जमणार असं मलाही वाटायला लागलं होतं. फोनवर मेहरंगीजचा आवाज निराळाच. "फखरी, इथे झाडं भिंतींवर चढतात ग! शकीबाने पहिल्यांदा पावसात आंघोळ केली. आणि लसूण घालून वांग्याचं जे करतात ना, बोटं चाटत राहशील." स्कूलचा मालक तिला घ्यायला तयार होता. घर मिळालं होतं, अंगणात नारिंगाचं झाड. घरमालकाने चहा दिला, घरचे केक दिले आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "तुम्हीपण तिकडच्या खूजेस्तान प्रांतातल्या ना? गल्लीत तुमच्याकडचं हे चौथं घर. तुम्ही येता, भाडी चढतात, आमची पोरं लग्न करून बापाच्याच घरात राहतात. घ्या ना, अजून एक केक घ्या."

पोरीसाठी मेहरंगीजने तोही केक खाल्ला. घराची सवय व्हावी म्हणून मालकाने त्यांना आठवडाभर तिथेच राहू दिलं. चौथ्या दिवशी सकाळी शकीबाच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. कपाट सरकवलं तर मागची भिंत वरपासून खालपर्यंत काळी. डॉक्टरांनी ऐकलं न ऐकलं आणि सांगितलं, ओल आणि बुरशी. इकडच्या बहुतेक घरांत असते. हिला सोसणार नाही.

अहवाजला परत आल्यावर माझ्या स्वयंपाकघरात ती खुर्चीवर बसली आणि स्कार्फ काढून ओट्यावर फेकला. "कोरड्याने घुसमटते, ओलीने घुसमटते. आता हिला फ्रिजमध्ये ठेवू का?"

इस्फंदियार दारात उभा होता. "तसं मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

"वाटलं होतं तर तेव्हा का नाही बोललास?"

"तुझं मन मोडलं असतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी बशा धुवायला घेतल्या.

तिसऱ्यांदा मात्र गोष्ट इस्फंदियारच्या बाजूने निघाली. त्याचा भाऊ हूशंग तेहरानजवळ करजला राहतो. त्याने फोन करून सांगितलं, इथे एका कारखान्यात तुझ्यासाठी जागा बोलून ठेवलीये, फक्त ये. डोंगराखालचं शहर, हवा आमच्याहून तरी बरी, शाळा चांगल्या. मेहरंगीजला त्या बारा-बारा मजली इमारती आवडल्या नाहीत, पण या वेळी तिने ठरवलंच होतं की खोड काढायची नाही. इस्फंदियारने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि भावाबरोबर कारखान्यात गेला.

जागा फाटकावरच्या पहारेकऱ्याची होती. साहेबाने त्याला टोपी दिली. म्हणाला, "डोक्याला बसते का बघा."

हूशंगला म्हणे वाटलं होतं, आधी आत तर शिरू दे, मग वर सरकवू. वाईट माणूस नव्हता तो. परतीची वाट खुर्रमाबादवरून. गाडी मेहरंगीजच चालवत होती. घाट उतरताना तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कारखान्यात मला सगळे उस्ताद म्हणतात."

भांडायची सगळी तयारी करून बसली होती ती. तिने गाडी बाजूला घेतली, डिकीतलं कलिंगड कापलं आणि तिघांनी ते रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या खाल्लं.

यात दीड वर्ष निघून गेलं. शोध सुरूच होता, म्हणजे बोलणं सुरू होतं. दोघांनाही एकमेकांचा कंटाळा आला होता. तिचं म्हणणं, हा हलायलाच तयार नाही, सगळा वेळ खुसपटं काढतो. त्याचं म्हणणं, पेन्शनला थोडी वर्षं उरलीत, ती सोडून जायचं तर जागा खात्रीची हवी. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तर मिटत नव्हतं. शकीबा मधल्या खोलीत अभ्यास करायची आणि आवाज चढले की रेडिओ मोठा करायची.

एका शुक्रवारी मी तिघांना जेवायला बोलावलं. चिंच घालून मासे केले होते. इस्फंदियारने दुसऱ्यांदा भात वाढून घेतला आणि सहज म्हणावं तसं म्हणाला, "आता शिराजच उरलं."

मेहरंगीजने चमचा ठेवला. "शिराज नाही."

"का नाही?"

"सांगितलंय ना."

"आळशी माणसं! हे काय कारण झालं?" त्याचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "तीन शहरं हिंडलो. इस्फहानला तू भांडलीस, रश्तला भिंत भांडली, करजला माझं नाक कापलं गेलं. चौथं नाव घेतलं की तुझं तोंड कडू! पोरीच्या छातीपेक्षा तुझा हट्ट मोठा आहे का?"

"बाबा," शकीबा म्हणाली.

तो उठून गच्चीत गेला. मेहरंगीज माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि नळ सोडून उभी राहिली. आमच्याकडचं पाणी खारट. त्याने चहाही बिघडतो. ती ते तोंडावर मारत राहिली.

"खरं काय आहे ते बोल," मी म्हणाले.

तेव्हा तिने सांगितलं. युद्ध लागलं तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि घर सीमेवरच्या खुर्रमशहरला. घर पडलं, तशी आई तिन्ही पोरांना घेऊन हमरस्त्यावर येऊन उभी राहिली. जो ट्रक थांबला त्यात चढली. तो ट्रक शिराजला जात होता. तिथे त्यांना एका सरकारी इमारतीत खोली मिळाली, अशा खोल्यांची रांगच होती. मेहरंगीज शाळेत जायला लागली.

"दुसरीत होते. एक दिवस बाई म्हणाल्या, युद्धातून आलेल्या मुली उभ्या राहा. आम्ही तिघीजणी. आम्हाला अंगणात नेलं. म्हणे वर्गात उवा झाल्यात. बाकीच्या कुणाचं डोकं बघितलंच नाही ग, फखरी. आमचे केस कापले, कातडीपर्यंत. सगळी शाळा खिडक्यांतून बघत होती. आणि मला उवा नव्हत्या! आई रोज रात्री डोकं बघायची माझं. मी ओरडून सांगत होते, नाहीयेत, नाहीयेत. तर माझ्या बोलण्यावरच हसायला लागल्या. आपलं बोलणं कसं, माहितीये ना."

"आई काय म्हणाली?"

"काय म्हणणार? फुकटच्या खोलीत राहत होतो. तिने मला स्कार्फ बांधला आणि डाळ ढवळायला बसली."

"हे इस्फंदियारला सांगितलंस कधी?"

"काय सांगू त्याला? इतकी वर्षं झाली, आणि बायको अजून दुसरीत रडतेय म्हणून?"

मी म्हणाले, सांग. ती म्हणाली, तू सांगितलंस तर तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही. मी नाही सांगितलं.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी माती आली. तशी ती दरवर्षीच येते, पण त्या दिवशी आकाश गाजरासारखं झालं, आणि बरोबर दमट हवा. तारांवर चिखल बसला आणि अख्ख्या शहराची वीज गेली. शकीबा घरी होती, वाफ घ्यायचं तिचं मशीन विजेवर चालणारं. मेहरंगीजला फोन आला तेव्हा तिच्या गाडीत एक नवी विद्यार्थिनी स्टिअरिंगवर बसलेली. तिने त्या बाईला भर चौकात खाली उतरवलं आणि स्वतः घराकडे सुटली. टपावर 'शिकाऊ' पाटी असलेली ती गाडी त्या दिवशी नदीवरच्या पांढऱ्या पुलावरून कशी गेली, ते बघणारे अजून सांगतात.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारे, बायका, कडेवरची मुलं, सगळ्यांची तोंडं फडक्याने बांधलेली. दवाखान्याची स्वतःची वीज तेवढी चालू होती. शकीबाला एका बाकावर बसवून नाकातोंडाला नळी लावली होती. तिचे ओठ निळसर झाले होते, आता परत रंग धरत होते. इस्फंदियार कारखान्याच्या कपड्यांत तसाच धावत आला होता.

मेहरंगीज त्याला म्हणाली, "शिराज."

त्याने मान वर केली.

"ऐकू आलं ना? शिराज. शाळा सुरू व्हायच्या आत."

आणि फाजील शहाणपणाची कमाल बघा, हा माणूस म्हणाला, "पण तिकडे भाडी..."

ती त्याच्या अंगावर गेलीच असती. मी मधे उभी राहिले. नर्स ओरडली, भांडायचं असेल तर बाहेर! बाहेर कुठे जाणार, बाहेर तर माती. तिघं तिथेच भिंतीला टेकून उभे राहिलो. मग इस्फंदियार म्हणाला, "ठीक आहे." एवढंच.

ठरलं ते असं: मेहरंगीज आणि शकीबा पुढे जातील, तो पेन्शन होईपर्यंत अहवाजला राहील आणि सुट्टीला बसने येईल. म्हणजे ज्या घरासाठी दीड वर्ष शहर शोधलं, ते घर दोन ठिकाणी फुटलं. सामानाच्या ट्रकमागून त्यांची गाडी मी आणि मेहरंगीजने आळीपाळीने चालवली. नूराबादच्या पुढे घाट लागला, ओकाची झाडं लागली, आणि शकीबाने खिडकी खाली घेतली. आईने वर केली. तिने परत खाली घेतली. या वेळी मेहरंगीजने काही केलं नाही.

घरमालकीण सूदाबे खानूम दारातच उभी होती, हातात सरबताचा तांब्या. सत्तरीच्या पुढची, एक शब्द बोलला की दुसऱ्याआधी दम खाणारी. मेहरंगीजने दोन वाक्यं बोलायचा अवकाश, म्हातारीचा चेहरा उजळला. "अगंबाई, खुर्रमशहरच्या का तुम्ही? युद्धात आमच्या गल्लीत होती तुमच्याकडची मुलं. गोड मुलं. बिचारी."

मी मेहरंगीजचा हात धरला. 'बिचारी' शब्दावर तिची बोटं आवळली ती मला कळली. तिने सरबत घेतलं, एका घोटात संपवलं आणि म्हणाली, "उपकार तुमचे, खानूम. किल्ली?"

दुसऱ्या दिवशी मी बसने परतले. पुढचं सगळं फोनवर कळत गेलं.

आधी नोकरी. शिकवण्याचा परवाना इकडून तिकडे व्हायचा होता. कागद अहवाजहून निघाला म्हणे, पण पोचला नाही. पोचला तर शिक्का बघणारा रजेवर. शेवटी सांगितलं, तुम्हाला इथे एकदा गाडी चालवून दाखवावी लागेल. जिने शेकडो बायकांना गाडी शिकवली, तिची परीक्षा! परीक्षा घेणारा पोरगा तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा. त्याने तिला नापास केलं.

"का ग?" मी विचारलं.

"घाई! म्हणाला, खानूम, तुम्ही चांगल्या चालवता, पण कुणीतरी मागे लागल्यासारखं चालवता." फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता. "आणि खरंय ते. अहवाजमध्ये असंच चालवतो आपण. पण त्याने म्हणायची काय गरज होती?"

दुसऱ्यांदा ती इतकी सावकाश गेली की मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. पास झाली. एका स्कूलमध्ये लागली. आता तिच्या विद्यार्थिनी तिला म्हणायच्या, "मेहरंगीज खानूम, जरा दम खा ना, रस्ता कुठे पळून चाललाय?" ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून ओरडायची. खरंच ओरडायची, शकीबाने मला सांगितलं.

मग शाळा सुरू झाली. पहिला आठवडाभर मेहरंगीज रोज फाटकावर उभी. पोरगी कळवळून सांगायची, मामान, कुणाची आई येत नाही ग. ही ऐकायची नाही. एका दिवशी शाळा सुटली, शकीबा चार मुलींच्या घोळक्यात बाहेर आली आणि त्या चौघी तिच्यासारखंच बोलत होत्या. आमच्याकडचा तो हेल, शब्द ओढून बोलणं, सगळं. आणि हसत होत्या.

मेहरंगीज मधे घुसली. एका मुलीच्या दंडाला धरून म्हणाली, "काय नाव तुझं? तुझ्या आईला बोलाव. आत्ताच्या आत्ता बोलाव!" ती मुलगी रडायला लागली. रस्त्यावर माणसं थांबली.

"मामान!" शकीबा किंचाळली. "मी शिकवत होते त्यांना! त्यांनीच सांगितलं शिकव म्हणून!"

शाळेच्या संमेलनात म्हणे दक्षिणेकडचं नाटुकलं बसवायचं होतं, आणि शकीबाला त्यात पुढारी केलं होतं.

दोन दिवस पोरगी आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मेहरंगीज गज नावाची पिस्त्याची मिठाई घेऊन त्या मुलीच्या घरी गेली, दारात उभी राहून माफी मागितली. त्या आईने आत बोलावलं, चहा दिला, तासभर तारोफ केला, म्हणजे आग्रहावर आग्रह. "फखरी, मी शिराजला येऊन शिराजच्या बाईची माफी मागितली," ती फोनवर म्हणाली. तिचा आवाज रडका होता की रागीट, मला कळलं नाही. "आणि तिने मला आणखी एक चहा घ्या, आणखी एक चहा घ्या म्हणून मारून टाकलं."

मी विचारलं, "इस्फंदियारला आता तरी सांगितलंस का? केसांचं?"

"सांगितलं."

"मग?"

"सुट्टीला आला होता. ऐकलं आणि उठला. भांडी घासायला लागला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

पुढच्या वसंतात मी त्यांच्याकडे गेले. घर तिसऱ्या मजल्यावर. मी जिन्यात दोनदा बसले. शकीबा खालच्या दुकानातून पाव घेऊन माझ्या शेजारून धडाधड वर गेली, परत खाली आली, माझी पिशवी उचलली आणि पुन्हा वर गेली. चांगलीच उंच झाली होती. मेहरंगीज वर दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल. ती म्हणाली, "बघितलंस? लिफ्ट गेला महिनाभर बंद आहे. सूदाबे खानूम म्हणते, होईल दुरुस्त, घाई काय आहे."

इस्फंदियारने मात्र पेन्शनची पूर्ण वाट पाहिली नाही. अहवाजच्या रिकाम्या घरात त्याला राहवेना. मी त्याला संध्याकाळी रस्त्यावर एकट्याने सामोसे खाताना बघायचे, उभ्या उभ्या, कागदातून. एक दिवस त्याने थोड्या कमी पेन्शनवर सही केली आणि निघून गेला. शिराजला आता त्याला कुणी उस्ताद म्हणत नाही. शेजारच्या एका फाटकं-खिडक्या बनवणाऱ्याकडे तो अर्धा दिवस जातो. त्याची वेल्डिंग बघून मालक खूश आहे, पण काम कमी. उरलेला दिवस तो घरात असतो आणि मेहरंगीजच्या स्वयंपाकात 'पण' काढतो.

"उन्हाळा इथेही आहे म्हणतो," ती परवा फोनवर सांगत होती. "पाणी इथेही कमी होतंय म्हणतो. काल बघते तर टीव्हीवर हवामान लावून बसलाय, शहरकर्द किती, यासूज किती. मी टीव्हीच बंद केला. म्हटलं, पुढचं शहर कबरस्तान, आणि तिथे मी तुला विचारून जाणार नाही."

ती तासभर बोलत होती. रस्ते, विद्यार्थिनी, लिफ्ट, पावाच्या दुकानातली रांग, शेजारणीचं मांजर. मी ऐकत होते. माझ्या खिडकीबाहेर कालपासून माती होती, समोरची इमारत दिसत नव्हती, आणि मला मधेमधे खोकला येत होता.

"हे काय?" ती थांबली. "तुला कधीपासून खोकला?"

"होईल बरा."

"इकडे ये. सूदाबे खानूमची खालची खोली रिकामी आहे. तू पण आता एकटी, नोकरी सुटली, तिथे काय धरून बसलीयेस?"

"बघते," मी म्हणाले. "माझी बहीण बूशेहरला आहे, तीही बोलावतेय. पण तिथे दमट फार. विचार करतेय."

"विचार करतेय!" ती ओरडली. मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "सगळे मेले विचारच करतात!" आणि तिने फोन ठेवून दिला.